‘यंत्रणेने आपले काम केले’ : एका निरुपद्रवी वाक्याचा इतिहास (दीर्घ धागा)

१/
दोडामार्गच्या बाजारपेठेत उभे राहिले की गोव्याची हद्द, तिलारीचे पाणी आणि सह्याद्रीची भिंत या तीन गोष्टी हाताशी वाटतात. अणुभट्टी तिथे कोणाच्या मनातही येत नाही. नकाशा मात्र निराळे सांगतो. दक्षिणेस कारवारच्या मागे, काळी नदीच्या काठी कैगा अणुऊर्जा केंद्र आहे. उत्तरेस राजापूर तालुक्यात माडबनच्या सड्यावर जैतापूर प्रकल्प योजलेला आहे. सरळ रेषेत मोजल्यास दोन्ही स्थळे दोडामार्गपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर येतात. तालुका दोहोंच्या जवळजवळ मधोमध आहे.

२/
म्हणूनच अणुऊर्जा केंद्रात घडणाऱ्या एका विशिष्ट घटनेचा इतिहास या पट्ट्यातील तरुण वाचकांनी जाणून घेणे अगत्याचे आहे. घटना अशी : कोणी कळ दाबलेली नसते, कोणतीही चाचणी ठरलेली नसते, आणि सुरक्षा यंत्रणा आपोआप सुरू होते. दुसऱ्या दिवशी एक वाक्य प्रसिद्ध होते : ‘यंत्रणेने आपले काम केले; चिंतेचे कारण नाही.’ हा धागा त्या वाक्याच्या विरोधात आहे. वाक्य खोटे असते असा आरोप नाही. बहुतेक वेळा ते खरेच असते. आक्षेप एवढाच की जिथे चौकशी सुरू व्हायला हवी, तिथेच हे वाक्य ती संपवते.

३/
आधी यंत्रणा समजून घ्यावी. दाब, तापमान किंवा पाण्याची पातळी ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली की नियंत्रक दांडे गाभ्यात शिरतात आणि शृंखला-अभिक्रिया काही सेकंदांत थांबते. याला ‘ट्रिप’ म्हणतात. परंतु चूल विझली तरी निखारे धगधगत राहावेत, तसे विखंडनातून तयार झालेली किरणोत्सारी द्रव्ये उष्णता देतच राहतात. बंद पडल्याच्या क्षणी ही उष्णता पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के असते, तासाभराने सुमारे दीड टक्का. बंद भट्टीलाही त्यामुळे पाणी लागते. नेहमीच्या मार्गाने ते मिळाले नाही, तर आपत्कालीन शीतलन यंत्रणा स्वतःहून सुरू होते.

४/
कोकणातील कोणत्याही घरातले उदाहरण घ्यावे. पावसाळ्यात फ्यूज उडतो. एक जण ‘घर पेटले’ म्हणून ओरडत सुटतो. दुसरा नवी तार घालून झोपी जातो. तिसरा, पुन्हा उडायला नको म्हणून, जाड तार घालतो. चौथा विचारतो, भिंतीत ओल आली कुठून? फ्यूजने आपले काम केले, हे चौघांनाही मान्य असते. घर मात्र चौथ्यामुळे वाचते. या चौघांपैकी तिसऱ्याकडे लक्ष ठेवावे. पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

५/
मराठी समाजमाध्यमांवर यातले पहिले दोघेच ऐकू येतात. भट्टी आपोआप बंद पडल्याची बातमी आली की एक गट ‘मोठा अपघात दडपला’ असे जाहीर करतो. दुसरा गट तितक्याच घाईने ‘हीच तर सुरक्षिततेची साक्ष’ म्हणून टाळ्या पिटतो. पहिल्याला पुरावा नको असतो, कारण निष्कर्ष तयार असतो. दुसऱ्यालाही पुरावा नको असतो, कारण प्रश्नच उरलेला नसतो. नेमके काय घडले, कोणत्या मिनिटाला, आणि त्यानंतर माणसांनी काय केले, हे दोघेही विचारीत नाहीत.

६/
इतिहासाच्या वाचकाला हा दोष ओळखीचा वाटेल. बखर प्रसंग रंगवून सांगते. शकावलीतील नोंद एका ओळीची आणि रुक्ष असते. तरीही शिवजन्मतिथीच्या वादात जेधे शकावलीतील फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ या कोरड्या नोंदीला बखरींच्या वर्णनांहून अधिक वजन मिळाले. राजवाडे गावोगाव कागद शोधीत हिंडले ते याच न्यायाने. अणुऊर्जा केंद्राच्या नियंत्रण कक्षात प्रत्येक इशारा वेळेसह नोंदला जातो. ती त्या केंद्राची शकावली होय. प्रसिद्धिपत्रक ही बखर. आपल्या हाती नेहमी बखरच पडते.

७/
आता अस्सल नोंदींकडे. २४ सप्टेंबर १९७७. अमेरिकेच्या ओहायो राज्यात, ईरी सरोवराकाठचे डेव्हिस-बेसी केंद्र. भट्टी नवी होती आणि पूर्ण शक्तीच्या अवघ्या नऊ टक्क्यांवर चालत होती. दाब वाढला म्हणून दाब सोडणारी झडप उघडली आणि उघडीच अडकली. शीतलक बाहेर जाऊ लागले. आपत्कालीन शीतलन यंत्रणा आपोआप सुरू झाली आणि गाभ्यात पाणी ढकलू लागली. इथपर्यंत यंत्रणेने आपले काम केले.

८/
पुढचे काम माणसांनी केले. दाबनियामक टाकीतील पाण्याची पातळी वाढताना दिसत होती. ती टाकी काठोकाठ भरू द्यायची नाही, असे त्यांच्या प्रशिक्षणात ठसवलेले होते. त्यांनी आपत्कालीन पाणी कमी केले. वास्तवात वरची झडप उघडी असल्याने पाणी तिकडे ओढले जात होते. टाकी भरलेली दिसत होती आणि गाभ्याकडचे पाणी घटत होते. वीसेक मिनिटांनी झडपेचा दोष लक्षात आला, मार्ग बंद केला गेला, आणि अनर्थ टळला. भट्टी कमी शक्तीवर होती, हेही नशीब.

९/
या घटनेचा अर्थ एका माणसाला नेमका समजला. भट्टी बनवणाऱ्या बॅबकॉक अँड विल्कॉक्स कंपनीतील अभियंता बर्ट डन याने फेब्रुवारी १९७८ मध्ये अंतर्गत टिपण लिहिले. त्याचा आशय असा की ऑपरेटर आपत्कालीन पाणी वेळेआधी बंद करीत आहेत; हीच गोष्ट पूर्ण शक्तीवर घडली तर गाभा उघडा पडू शकेल; सर्व ग्राहक केंद्रांना सूचना जावी. टिपण कंपनीच्या टेबलांवर फिरत राहिले. ज्या केंद्रांना त्याची गरज होती, तिथपर्यंत ते वेळेत पोहोचलेच नाही.

१०/
२८ मार्च १९७९, पहाटेचे चार. पेनसिल्व्हेनियातील थ्री माइल आयलंड, दुसरी भट्टी, त्याच कंपनीची. तीच झडप उघडून अडकली. दोनेक मिनिटांत आपत्कालीन शीतलन आपोआप सुरू झाले. साडेचार मिनिटांच्या सुमारास ऑपरेटरांनी एक पंप बंद केला आणि दुसऱ्याचा प्रवाह कमी केला. कारण तेच, टाकी काठोकाठ भरू नये. पहिल्या काही मिनिटांत शंभराहून अधिक इशारे एकदम वाजत होते. झडपेचा दिवा ‘बंद’ दाखवीत होता. प्रत्यक्षात तो केवळ बंद होण्याची आज्ञा गेली एवढेच सांगत होता.

११/
झडपेचा मार्ग बंद व्हायला दोन तास बावीस मिनिटे लागली. तोवर गाभ्याची दैना झाली होती. सुमारे निम्मा गाभा वितळल्याचे पुढे काही वर्षांनी उघड झाले. गणितज्ञ जॉन केमेनी यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने ऑक्टोबर १९७९ मध्ये अहवाल दिला, आणि त्यात डेव्हिस-बेसीचे प्रकरण व डनचे टिपण यांची कथा आली. दोन घटनांत अठरा महिन्यांचे अंतर होते. पहिलीनंतर यंत्राने दिलेली साक्ष कागदावर उतरली होती. ती वाचली गेली नाही, म्हणून दुसरी घडली.

१२/
कोणी म्हणेल, हा ऑपरेटरांचा दोष. यंत्रे तर चोख होती. मग न्यू जर्सीतील सेलम केंद्राकडे पाहावे. २५ फेब्रुवारी १९८३ रोजी भट्टी आपोआप ट्रिप व्हायला हवी होती. संकेत गेला, पण दांडे पडले नाहीत. ऑपरेटरांनी सुमारे अर्ध्या मिनिटात हाताने भट्टी थांबवली. वीज तोडणाऱ्या दोन्ही ब्रेकरांनी दगा दिला होता. चौकशी सुरू झाली, आणि संगणकाचे छापील कागद मागे उलगडले गेले.

१३/
त्या कागदांत जे निघाले ते अधिक धक्कादायक होते. तीनच दिवस आधी, २२ फेब्रुवारीलाही स्वयंचलित ट्रिप फसली होती! त्या वेळी ऑपरेटरांनी काही सेकंदांतच हाताने कळ फिरवल्याने भट्टी थांबली, आणि यंत्रणेने आपले काम केले असे सर्वांनी गृहीत धरले. भट्टी पुन्हा सुरू झाली. तीन दिवस ती ज्या रक्षकाच्या भरवशावर चालली, तो रक्षक मुळात जागाच नव्हता. ‘यंत्रणेने आपले काम केले’ हे वाक्य नोंदी न तपासता उच्चारले, तर ते साफ खोटेही असू शकते. सेलमने हे दाखवून दिले.

१४/
आता उदाहरण आपल्या घराजवळ येते. पालघर जिल्ह्यातील तारापूर हे भारताचे पहिले अणुऊर्जा केंद्र. १९६४ मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकशी करार झाला, आणि २८ ऑक्टोबर १९६९ पासून तिथल्या पहिल्या दोन भट्ट्या व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. जपानमधील फुकुशिमा दाईइचीची पहिली भट्टी मार्च १९७१ मध्ये सुरू झाली. तिची रचनाही जनरल इलेक्ट्रिकची. रचना तंतोतंत एक नव्हे. पण घराणे एकच, उकळत्या पाण्याच्या भट्ट्यांचे. विजेच्या पंपाविना, केवळ नैसर्गिक प्रवाहाने गाभ्याची उष्णता काढणारा आपत्कालीन कंडेन्सर दोन्हीकडे होता.

१५/
११ मार्च २०११, दुपारी २.४६. भूकंप झाला, भट्टी आपोआप थांबली. २.५२ ला आपत्कालीन कंडेन्सर आपोआप सुरू झाला. तो इतका परिणामकारक ठरला की भट्टी तासाला ५५ अंश सेल्सियस या मर्यादेपेक्षा वेगाने थंड होऊ लागली. नियमावलीनुसार ऑपरेटरांनी ३.०३ ला तो हाताने बंद केला, आणि मग गरजेनुसार त्यातील एक मार्ग चालू-बंद करीत राहिले. यात चूक काहीच नव्हती. भांड्याला तडा जाऊ नये म्हणून तो नियम होता. साडेतीननंतर त्सुनामी आली, सर्व वीज गेली, आणि कंडेन्सर त्या क्षणी व्यवहारात बंदच होता.

१६/
नियंत्रण वीज गेली की झडपा मिटाव्यात, अशी त्या यंत्रणेची रचना होती. नळ फुटला तर गळती रोखण्यासाठी केलेली. एका संकटासाठी घातलेल्या कुलपाने दुसऱ्या संकटात पाण्याची वाट अडवली. कंडेन्सर चालू आहे की बंद, हे अंधारात कोणाला सांगता येईना; टोकियोतील मुख्यालय तर रात्रीपर्यंत तो चालूच आहे असे समजत राहिले. त्या पाळीतील कोणीही हे उपकरण प्रत्यक्ष प्रसंगात पूर्वी चालवलेले नव्हते, असे चौकशीत पुढे आले. त्याच रात्री गाभा वितळला.

१७/
तारापूरकडे यातून कोणत्या नजरेने पाहावे? घबराटीच्या नव्हे, चौकसपणाच्या. पहिल्या दोन भट्ट्यांमध्ये काही सुरक्षा व्यवस्था सामायिक होत्या. १९९५ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळाचे तत्कालीन अध्यक्ष ए. गोपालकृष्णन यांच्या काळात देशातील अणुकेंद्रांविषयी १३० च्या आसपास सुरक्षाप्रश्नांची यादी तयार झाली, आणि तारापूरची आपत्कालीन शीतलन व्यवस्था हा त्यांच्या टीकेचा एक विषय राहिला. २००५-०६ मध्ये भट्ट्या थांबवून सामायिक व्यवस्था वेगळ्या करण्यात आल्या. सुधारणा झाली, हे श्रेय द्यायलाच हवे. ती होईपर्यंत ३५ वर्षे लोटली, हेही नोंदवायला हवे.

१८/
आता दोडामार्गच्या दक्षिणेकडील शेजारी. कैगाची पहिली भट्टी १३ मे २०१६ ते ३१ डिसेंबर २०१८ अशी सलग ९६२ दिवस न थांबता चालली. तो जागतिक विक्रम होता. पुढे कॅनडातील डार्लिंग्टनने तो मोडला. देशभर कौतुक झाले, आणि त्यात गैर काही नाही. इतके दिवस ट्रिप न होणे हे बऱ्याच अंशी उत्तम देखभालीचे लक्षण असते. एक योगायोगही लक्षात ठेवण्याजोगा आहे : याच भट्टीच्या बांधकामात, १३ मे १९९४ रोजी, आतील घुमटातून सुमारे १३० टन काँक्रीट कोसळले होते. भट्टीत तेव्हा इंधन नव्हते.

१९/
विक्रमाविषयी नव्हे, विक्रमाच्या संस्कृतीविषयी आक्षेप आहे. न थांबणे हाच पराक्रम ठरला की थांबणे ही नामुष्की ठरते. मग आपोआप सुरू झालेली सुरक्षा यंत्रणा हा इशारा न राहता मोजणीतला डाग बनतो. तो डाग टाळण्याचा दबाव कोणत्याही देशात, कोणत्याही उद्योगात माणसाला फ्यूजमध्ये जाड तार घालायला शिकवतो. चौथ्या टप्प्यातला तिसरा माणूस तो हाच. तो दुष्ट नसतो. घरातल्यांनी ‘वीज पुन्हा का गेली’ एवढेच विचारलेले असते. ‘का उडाला’ हे कोणी विचारलेले नसते.

२०/
भारताच्या अणु-इतिहासातील सर्वांत गंभीर रात्र ३१ मार्च १९९३ ची, उत्तर प्रदेशातील नरोराची. टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन पेटला, आग केबलींच्या मार्गाने पसरली आणि केंद्राची वीज सुमारे १७ तास गेली. नियंत्रण कक्ष धुराने भरला. कर्मचारी विजेरी घेऊन अंधारात वर चढले आणि भट्टी पुन्हा जागी होऊ नये म्हणून बोरॉनचे द्रावण सोडणाऱ्या झडपा त्यांनी हाताने उघडल्या. त्या माणसांचे ऋण देशावर आहे. मात्र या प्रकारच्या पात्यांतील दोषाचा इशारा आधीच मिळालेला होता, असे गोपालकृष्णन यांनी नंतर लिहिले. इथेही डनच्या टिपणाचीच गत!

२१/
११ मार्च २०१६. फुकुशिमाला बरोबर पाच वर्षे झाली त्या सकाळी, दक्षिण गुजरातेतील काक्रापारच्या पहिल्या भट्टीत शीतलक वाहिनीतून गळती सुरू झाली. भट्टी आपोआप बंद पडली, सुरक्षा यंत्रणा कार्यान्वित झाल्या, केंद्रात आणीबाणी जाहीर झाली. आंतरराष्ट्रीय मापनश्रेणीवर घटनेला सात पायऱ्यांपैकी पहिली, तीही तात्पुरती, देण्यात आली. ‘सर्व यंत्रणा अपेक्षेप्रमाणे चालल्या’ हे विधान झाले, आणि ते योग्यही होते. महाराष्ट्रातील बहुतेक वाचकांपुरती बातमी तिथे संपली.

२२/
खरी गोष्ट पुढे होती. जुलै २०१५ मध्येच शेजारच्या दुसऱ्या भट्टीच्या वाहिनीतही गळती झालेली होती. तपासात नळ्यांच्या बाहेरील पृष्ठभागावर ठिकठिकाणी गंजाचे खड्डे आढळले. जिथे गंज इतका अपेक्षितच नव्हता, तिथे. दोन्ही भट्ट्यांच्या वाहिन्या बदलाव्या लागल्या. दुसरी २०१८ मध्ये आणि पहिली २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाली. म्हणजे यंत्रणेने दिलेला इशारा तंत्रज्ञांनी ऐकला, आणि गांभीर्याने ऐकला. मग समाजाला त्यातले काय कळले? ‘चिंतेचे कारण नाही’ एवढेच. पुढच्या तीन वर्षांचे कष्ट, शोध आणि शहाणपण सार्वजनिक स्मृतीत उतरलेच नाही.

२३/
याला कायद्याचा इतिहास आहे. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने सरकारला माहिती रोखण्याचे विस्तृत अधिकार दिले. नियामक मंडळ स्थापन झाले १५ नोव्हेंबर १९८३ रोजी, तेही सरकारी आदेशाने. संसदेने केलेल्या स्वतंत्र कायद्याने नव्हे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात मंडळाच्या या दुबळ्या दर्जावर बोट ठेवले. स्वतंत्र प्राधिकरणासाठी २०११ मध्ये आणलेले विधेयक पंधराव्या लोकसभेबरोबर विरून गेले. कायद्याचा दर्जा हा एक प्रश्न. दशकानुदशके अंगवळणी पडलेली मौनाची सवय हा दुसरा, आणि तो कायदा बदलूनही लगेच सुटत नाही.

२४/
दुसरी रीत शक्य आहे काय? थ्री माइल आयलंडने होरपळलेल्या अमेरिकेत नियम असा आहे : चालू भट्टी अनपेक्षितपणे ट्रिप झाली किंवा आपत्कालीन पाणी खरोखर सोडले गेले, तर चार तासांत नियामकास कळवायचे. इतर ठरावीक सुरक्षा यंत्रणा सुरू झाल्या, तर आठ तासांत. एखाद्या बिघडलेल्या मापकामुळे खोटाच संकेत जाऊन यंत्रणा सुरू झाली, तरीही साठ दिवसांत कळवायचे. या नोंदी संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. खोट्या इशाऱ्याचीही नोंद का? कारण आज खोटा इशारा देणारे मापक उद्या खरा इशारा देईल, याची खात्री कोण देणार?

२५/
पहिला आक्षेप : ‘अशा नोंदी उघड केल्या तर लोक घाबरतील.’ अनुभव उलट आहे. जिथे काहीच सांगितले जात नाही, तिथे अफवेला मोकळे रान मिळते. कोकणातील लोक नदीला लोंढा कधी येतो, समुद्र कधी खवळतो, हे पिढ्यान्‌पिढ्या वाचत आले आहेत. त्यांना वर्षातील चार ट्रिपांची कारणे वाचता येणार नाहीत, हे गृहीतक अपमानास्पद आहे. ज्याला दर महिन्याला लहान नोंदी वाचायची सवय असते, तो एखाद्या मोठ्या नोंदीने सैरभैर होत नाही.

२६/
दुसरा आक्षेप : ‘राष्ट्रीय सुरक्षेचे काय?’ झडपेच्या पाण्याची पातळी आणि ट्रिपचा मिनिट सांगितल्याने शस्त्रास्त्रांचे रहस्य फुटत नाही. जे खरोखर गोपनीय असेल ते झाकावे. पण झाकण्याचे कारण दर वेळी द्यावे लागावे. तिसरा आक्षेप : ‘हा अणुऊर्जेचा विरोध आहे.’ तसे मुळीच नाही. जैतापूर व्हावे असे मानणाऱ्यालाही, आणि होऊ नये असे मानणाऱ्यालाही, याच नोंदी लागतील. समर्थकाला तर अधिक लागतील, कारण विश्वास मागणारा तोच आहे.

२७/
जैतापूरच्या वादात हेच हरवले. डिसेंबर २०१० मध्ये फ्रेंच कंपनी अरेवाशी प्राथमिक करार झाला; सहा भट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॉट. तीन महिन्यांत फुकुशिमा घडले. १८ एप्रिल २०११ रोजी साखरी नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एका आंदोलकाचा जीव गेला. त्या साऱ्या गदारोळात एका बाजूने ‘संपूर्ण सुरक्षित’ आणि दुसऱ्या बाजूने ‘संपूर्ण विनाश’ असे दोनच शब्द घुमत राहिले. देशात तोवर चाळीसहून अधिक वर्षे भट्ट्या चालत होत्या. त्या वर्षांच्या ट्रिपा, त्यांची कारणे, त्यांवरील उपाय मराठीत कोणी गावकऱ्यांसमोर ठेवले असते, तर निदान वाद तरी खऱ्या गोष्टींवर झाला असता.

२८/
म्हणून मागणी साधी आहे. सुरक्षा यंत्रणा अनपेक्षितपणे सुरू झाली की पाच गोष्टी जाहीर व्हाव्यात : वेळ कोणती, कोणते मोजमाप मर्यादेबाहेर गेले, काय काय सुरू झाले, ते कोणी, केव्हा आणि कोणत्या नियमाने बंद केले, आणि काही महिन्यांनी, मूळ कारण काय निघाले. नियामक मंडळाचे वार्षिक अहवाल इंग्रजी-हिंदीत निघतात आणि महत्त्वाच्या घटनांचा गोषवारा देतात. तो पाया आहेच. त्यावर प्रत्येक घटनेची पूर्ण नोंद, केंद्राभोवतीच्या लोकांच्या भाषेत, उभी राहावी. कैगासाठी कन्नड आणि कोकणी, तारापूर-जैतापूरसाठी मराठी.

२९/
आणि इतिहासप्रेमी तरुणांकडूनही एक अपेक्षा आहे. किल्ल्यांच्या भिंती मोजणारे, मोडी कागद लावणारे हात या नोंदीही लावू शकतात. वार्षिक अहवाल उघडावेत, तारखा उतरवाव्यात, एकाच प्रकारची घटना दोनदा दिसली तर खूण करावी. डेव्हिस-बेसी आणि थ्री माइल आयलंड यांमधली अठरा महिन्यांची दरी, सेलमचे तीन दिवस आणि काक्रापारचे आठ महिने अशा खुणांमधूनच दिसतात. पुढच्या वेळी ‘यंत्रणेने आपले काम केले’ हे वाक्य वाचनात आले, तर दोडामार्गच्या वाचकाने घाबरू नये, निश्चिंतही होऊ नये. त्याने एकच विचारावे : ठीक आहे, यंत्रणेने केले. त्यानंतर माणसांनी काय केले?

(धागा समाप्त)